होडीचा रंग

मुंबईंतील पांढरपेशा मनुष्याची समुद्राशीं ओळख बहुधा चौपाटीपुरतीच असते. संध्याकाळीं वाळूवर बसावें, भेळ खावी, मावळता सूर्य पाहावा आणि दिवेलागणीला घरीं परतावें. दूर पाण्यावर एखादी निळी-तांबडी होडी दिसली तर ती आम्हांस चित्रासारखी सुंदर वाटते. परंतु तिला रंग कोणीं दिला, कशाचा दिला, आणि तो उडाला तर तिचें व तिच्या धन्याचें काय होतें, हा प्रश्न आम्हां गिरगांवकरांच्या मनांत सहसा येत नाहीं. गेल्या आषाढांत वरळी कोळीवाड्यांतील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तो आमच्यापुढें आणून ठेवला.

हा विद्यार्थी लहानपणीं पहाटे वडिलांबरोबर जाळ्यावर जाऊन मग शाळेंत येई, आणि आम्ही 'देव' शब्द चालवूं लागलों कीं षष्ठीच्या आसपास त्याला डुलकी लागे. आतां तो पंचेचाळिशी उलटलेला नाखवा आहे. पण आम्हीं त्याला 'अरे' म्हणण्याची संवय सोडलेली नाहीं, आणि त्यानेंही आम्हांस 'गुरुजी' म्हणण्याची सोडलेली नाहीं. फोनवर तो म्हणाला, "गुरुजी, होडी रंगवायला काढली आहे. या खेपेस एनॅमलमध्यें हार्डनर घालायचा विचार आहे. डब्यावरचें इंग्रजी फार बारीक. एकदां येऊन नीट सांगाल का?" निवृत्त मास्तराला शिकविण्याचें निमंत्रण नाकारवत नाहीं. येत्या रविवारीं येतों, असें आम्हीं सांगून टाकलें.

रविवारीं प्रथम लालबागेस उतरलों. परळच्या आमच्या भगिनींच्या घरचा गणपति तेथील एका कारखान्यांत सांगावयाचा होता. गणपतीचा कारखाना म्हणजे बांबू आणि ताडपत्री यांचा मांडव. आंत दाटीनें उभ्या राहिलेल्या मूर्ति, आणि त्यांच्यावर रोंखलेले मोठे पंखे व झगझगीत दिवे. बाहेर पाऊस कोसळत असतां आंत माती आणि रंग वाळवावयाचे, हा तेथल्या कारागिरांचा दरवर्षींचा झगडा. एका वृद्ध रंगाऱ्यानें मूर्तीच्या पाठीवर आम्हांस बोट टेकवावयास लावलें. रंग सुकलेला दिसत होता, परंतु बोटाला गारवा लागला. "आंत ओल आहे," तो म्हणाला, "आज दुसरा हात दिला तर चतुर्थीच्या आधीं पोपडा निघेल." हें वाक्य आम्ही तेव्हां नुसतें ऐकलें, त्याचा उपयोग पुढें दोन तासांनीं झाला.

तेथून करी रोडच्या बाजूनें पायींच लोअर परळांत आलों. जेथें गिरण्यांचीं धुराडीं होतीं तेथें आतां कांचेच्या इमारती आहेत, हें वाचकांस सांगावयास नको. गिरण्यांच्या आठवणी सगळेच काढतात. पण रंगाच्या धंद्याची एक जुनी मुळी येथेंच रुजली, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. १९२० सालीं गहागन पेंट्स ॲन्ड व्हार्निश या नांवाची कंपनी लोअर परळांत निघाली. तीच पुढें गुडलास वॉल, गुडलास नेरोलॅक अशीं नांवें घेत आजची कन्साई नेरोलॅक झाली. दुसरी हकीकत फोरास रोडवरची. १९४२ सालीं, युद्धामुळें परदेशी रंगांची आयात अडली असतां, चार मित्रांनीं तेथील एका मोटारखान्यांत रंग करावयास आरंभ केला. त्यांतून एशियन पेंट्स उभी राहिली. नौकाबांधणीविषयीं म्हणाल तर ती त्याहूनही जुनी. वाडिया घराण्यानें मुंबईच्या गोदींत मलबारच्या सागवानाचें बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें, आणि तें आजही इंग्लंडांतील हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. लांकूड दोनशें वर्षें टिकूं शकतें. मात्र त्याची निगा राखणारें कोणी तरी लागतें.

वरळी कोळीवाडा किल्ल्याच्या पायथ्याशीं आहे. सागरी सेतूवरून मोटारींतून जाणाऱ्यांस पावसाळ्यांत तेथें निळ्या ताडपत्र्यांचे तुकडे तेवढे दिसतात. त्यांच्याखालीं होड्या असतात. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. होड्या कांठावर ओढून त्यांची डागडुजी करावयाची ती याच दिवसांत. त्याला मोकळी जागा लागते, आणि मुंबईंत मोकळी जागा म्हणजे काय हें सर्वांस ठाऊक आहे. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमधें ६० मीटर अंतर योजिलें होतें; होड्यांची वाट अडेल म्हणून येथील कोळ्यांनीं २०० मीटर मागितलें, आणि पुष्कळ वादानंतर २०२२-२३ च्या हिवाळ्यांत १२० मीटरांवर तडजोड झाली. कांठावरच्या होड्यांमध्यें मात्र आतां दोन हात अंतर असलें तरी पुष्कळ.

आमच्या नाखव्याची होडी लांकडी, वीस-बावीस फुटांची, मागें लहानसें एंजिन बसविलेली. ती टेकूंवर उभी करून तिरपी केली होती, आणि नाखवा तिच्या पोटाखालीं उकिडवा बसून पत्र्याच्या खरवडणीनें तळ घांसत होता. तळाला चिकटलेल्या शिंपल्यांचा व शेवाळाचा खच खालीं पडला होता. वासाविषयीं आम्हीं मौन पाळलें. जवळच होडीच्या वडिलोपार्जित फळीवर त्याचे वडील, जुने तांडेल, छातीवर हात ठेवून बसले होते. त्यांना दम्याचा विकार आहे. तीन शब्द बोलावे, थांबावें, श्वास घ्यावा, पुन्हां तीन शब्द बोलावे, असें त्यांचें बोलणें. पण त्यांतला एकही शब्द वायां जाणारा नव्हता.

होडीला रंग हा शोभेसाठीं नसून कातडीसाठीं असतो, ही पहिली गोष्ट आम्हांस त्यांच्याकडून कळली. खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा एक किडा असतो. तो कोवळा असतां सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून आंत शिरतो आणि आंतल्या आंत फळीची चाळण करून टाकतो. वरून पाहणाऱ्यास पत्ता लागत नाहीं. रंगाचा थर अखंड असेल तर त्याला वाट मिळत नाहीं. एक पोपडा निघाला कीं वाट झाली. तांडेलांच्या तरुणपणीं फळ्यांच्या फटींत कापसाचे पीळ ठोकून त्यांवर राळ आणि तेल यांचें मिश्रण भरीत, आणि अंगाला माशाच्या काळजाचें तेल चोळीत. मोठ्या जहाजांवर जवसाच्या तेलांत शेंदूर कालवून त्याचा पहिला हात देण्याची रीत होती. शेंदूर म्हणजे शिशाचें भस्म. तो मारुतीला चालला तरी मनुष्याच्या पोटांत जाऊं नये असा. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांस ९० भाग अशी मर्यादा २०१७ पासून आहे. परंतु जुन्या होडीवर जुने थर असतात, म्हणून नाखव्याला आम्हीं सांगितलें कीं जुना रंग कोरडा घांसूं नये, पाणी मारून घांसावा, म्हणजे धूळ नाकांत जात नाहीं. हें त्याला पटलें. त्यानें लगेच पोराला पाणी आणावयास पिटाळलें.

पावसाचा एक उपकारही येथें कळला. खाऱ्या पाण्यांतून काढलेल्या लांकडांत मीठ मुरलेलें असतें, आणि मीठ हवेंतील ओल ओढून घेतें. तें धुतल्याशिवाय रंग दिला तर थराखालीं फोड येतात. गोडें पाणी विकत घेऊन होडी धुणें कोणाला परवडणार? तें काम मृग आणि आर्द्रा हीं नक्षत्रें फुकट करतात. पण जो पाऊस मीठ धुतो तोच लांकूड भिजवितो. म्हणून नाखव्यानें पहिले दोन आठवडे होडी उघडी ठेवली होती, नंतर ताडपत्री बांधून खालून वारा खेळता ठेवला होता. मग काचकागद मारावयाचा, भेगांत लांबी भरावयाची, प्राइमरचा एक हात, आणि शेवटीं एनॅमलचे दोन. त्यांतला प्राइमरपर्यंतचा भाग झाला होता. खरा पेंच पुढेंच होता.

एनॅमल म्हणजे वास्तविक धातूवर भाजून बसविलेला कांचेचा थर, ज्याला आपण मिना म्हणतों; तशी चकाकी आली म्हणून तैलरंगाला तें नांव चिकटलें. आपल्या खिडक्यांना लागतो तो साधा एनॅमल धोतर वाळतें तसा वाळत नाहीं. आधीं त्यांतील टर्पेंटाईन उडून जातें, आणि मग उरलेलें तेलाचें सत्त्व हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतें. दमट हवेंत हें काम रेंगाळतें, पण बहुधा पार पडतें. त्याचा दोष असा कीं एंजिनाच्या आसपास डिझेल सांडलें कीं तो मऊ पडतो, आणि जाळें व बर्फाची पेटी घांसून एका मोसमांत निघून जातो. नाखव्याला दरवर्षीं रंग काढावा लागे तो यामुळें. शेजारच्या एकानें हार्डनर घातलेला रंग दिला होता. तो दुसऱ्या वर्षींही टणक होता. दुकानदारानेंही हेंच सांगितलें, आणि सोबत फवारणीचें यंत्र भाड्यानें देण्याचें कबूल केलें.

डबा हातांत घेऊन आम्हीं चष्मा पुसला आणि वाचावयास बसलों. लहान डब्यांतला तो पातळ द्रव आयसोसायनेट वर्गांतला. ओट्टो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९३७ सालीं या वर्गापासून जी विद्या काढली तिचेंच हें एक फळ. रंगांतील राळेच्या कणांना हा द्रव दोन्ही हातांनीं धरून एकमेकांस जखडतो. म्हणून थर टणक होतो आणि डिझेलला दाद देत नाहीं. परंतु त्याला राळेइतकेंच पाणीही प्रिय आहे. ओल भेटली कीं तो राळ सोडून तिच्याशीं संयोग पावतो, आणि त्यांतून सोडावॉटरमध्यें असतो तोच वायु निघतो. मग रंगांत बारीक बुडबुडे, टांचणीएवढीं छिद्रें, चकाकीच्या जागीं पांढुरका मळ. डब्यावरची अट अशी होती कीं हवेंतील आर्द्रता शेंकडा ८५ च्या वर असतां काम करूं नये. मुंबईचा आषाढ ही अट किती वेळ पाळतो, हें ज्यांचीं धोतरें दोन दोन दिवस दोरीवर राहतात त्यांना विचारावें. टांचणीएवढें छिद्र म्हणजे किड्याला दरवाजा, हें तांडेलांनीं नुकतेंच सांगितलें होतें. लालबागच्या रंगाऱ्याची ओलही आम्हांस आठवली.

दुसरी सूचना याहून कठीण होती. फवाऱ्याचे कण श्वासांतून छातींत गेले तर दम्यासारखा विकार जडतो, आणि एकदां शरीर त्याला चिडलें म्हणजे पुढें अल्पशा संपर्कानेंही तो उसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याच्यापुढें कांहीं कामाचा नाहीं. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळांत ज्यानें हजारों माणसें मारलीं तो वायु या कुळांतलाच. हार्डनरमधला त्याचा भाऊबंद जड आहे, तितका उडणारा नाहीं, आणि कुंचल्यानें मोकळ्या हवेंत लावला तर धोका पुष्कळ कमी. पण नाखव्याचा बेत काय होता? पाऊस थांबत नाहीं म्हणून सुकाणू, वल्हीं, झांकणाच्या फळ्या आणि कठडे घराच्या पडवींत नेऊन तेथें यंत्रानें फवारावयाचे. आणि पडवींत तांडेल निजतात.

आम्हीं हें सर्व मराठींत सावकाश सांगितलें. नाखवा गप्प राहिला. दोन डब्यांचे पैसे देऊन झाले होते. मासेमारी पुन्हां खुली व्हावयास तीन आठवडे उरले होते, आणि गेल्या मोसमांतलें कर्जही होतें. "शेजाऱ्यानें तर घरांतच केलें," तो म्हणाला. तांडेलांनीं मान हलविली आणि म्हटलें, "करूं दे त्याला. मी देवळांत निजेन." म्हातारा माणूस आपला श्वास किती स्वस्तांत काढतो, हें ऐकून आम्हांस बोलवेना.

तेवढ्यांत नाखव्याची बायको चहा घेऊन आली. तिला आम्ही सूनबाई म्हणतों. बाजारांत बसून मासळी तीच विकते, तेव्हां घरचा हिशेब तिच्या हातीं. तिनें आमच्याकडून सगळें पुन्हां एकदां ऐकून घेतलें. प्रश्न मात्र एकच विचारला: लहान डबा न फोडतां किती दिवस राहील? डब्यावर तारीख होती, ती पुढच्या वर्षाची. झांकण घट्ट असेपर्यंत आंत ओल शिरत नाहीं, असें आम्हीं सांगितलें. "मग आक्टोबरांत करूं," ती म्हणाली. आक्टोबरांत ऊन कडक, हवा कोरडी. चार दिवस होडी वर ओढून मोकळ्या वाळूवर काम उरकेल. नाखवा उसळला: आक्टोबरांतले चार दिवस म्हणजे भर मोसमांतले चार दिवस! तिनें बोटांवर मोजलें. चार दिवसांची मासळी एकीकडे, आणि दुसरीकडे सासऱ्यांचें औषधपाणी व पुढच्या आषाढांत पुन्हां काढावा लागणारा रंग. हिशेब ती पुरा बोलली नाहीं. नाखव्याला तो आधीच समजला होता. मोठ्या आवाजांत कांहीं तरी पुटपुटून तो खरवडणीकडे वळला.

म्हणून ठरलें तें असें: आतां वरच्या अंगाला साधा एनॅमल, कुंचल्यानें, उघडीप मिळेल त्या दिवशीं दुपारीं, पाण्याखालीं राहणाऱ्या तळाला एनॅमल मुळींच नाहीं, कारण सतत पाण्यांत तो टिकत नाहीं, तेथें तांब्याचें भस्म घातलेला निराळा रंग, ज्याच्यामुळें शिंपले धरत नाहींत. अशा रंगांत पूर्वीं कथिलाची एक विषारी संयुगें घालीत. त्यांनीं समुद्रांतील शिंपल्यांची संततिच बिघडूं लागली, म्हणून २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानें त्यांना बंदी आहे. डबा घेतांना तेवढें पाहावें. आणि कठडे, एंजिनाचा भोवताल, झांकणें यांना हार्डनरचा हात आक्टोबरांत.

रंग कोणता द्यावयाचा, हा प्रश्न उरला. येथें आम्हांस भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथाची आठवण झाली. त्यांत नौकांचें प्रकरण आहे, आणि चार डोलकाठ्यांच्या नौकेला पांढरा, तीनच्या तांबडा, दोनच्या पिवळा आणि एका डोलकाठीच्या नौकेला निळा रंग द्यावा असें सांगितलें आहे. आमच्या नाखव्याची होडी एका काठीची, आणि डबा निळाच! आम्हांस फार आनंद झाला, आणि धारानगरीपासून वरळीपर्यंत हजार वर्षांची परंपरा आम्हीं उत्साहानें विशद केली. नाखव्यानें ती विद्यार्थिदशेंतल्याच डोळ्यांनीं ऐकली. मग म्हणाला, "निळा गेल्या वर्षींचा अर्धा डबा उरला होता, गुरुजी." नाळीवर तांबडा पट्टा, त्यावर पिवळ्या अक्षरांत देवीचें नांव, आणि बाजूला 'आयएनडी-एमएच' या अक्षरांनीं सुरू होणारा नोंदणीचा क्रमांक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मारेकरी कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीच्या कांठीं होडींतून उतरले, तेव्हांपासून क्रमांकाकडे व कागदपत्रांकडे फार बारकाईनें पाहतात. तो फिका पडला तर समुद्रांत अडवून ठेवतात, असें नाखवा म्हणाला. म्हणून क्रमांक त्यानें मुलीकडून काढून घेतला. तिचें अक्षर वळणदार आहे.

पंचांगानें या घराला थोडी सवलत दिली. बंदी इंग्रजी तारखेला उठते, पण जुन्या वळणाचे कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटीत नाहींत. आणि पौर्णिमा चंद्राप्रमाणें पुढेंमागें होते. २०२४ सालीं ती १९ ऑगस्टला होती, २०२३ सालीं अधिक श्रावण आल्यामुळें महिन्याच्या अगदीं अखेरीस गेली. उघडिपीचे दिवस शोधणाऱ्याला असे आठ-पंधरा दिवस मोलाचे वाटतात. अर्थात् ज्यांच्यावर हप्ते आहेत ते पहिल्या ऑगस्टलाच निघतात, आणि त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार महिन्याच्या महिन्याला निवृत्तिवेतन घेणाऱ्या आम्हांस नाहीं.

निळ्या रंगाचा दुसरा हात पडला त्या दिवशीं आम्ही पुन्हां गेलों होतों. चार दिवस पाऊस नव्हता, वारा पश्चिमेचा होता. तांडेलांनीं नातीला हात धरून होडीभोंवतीं फिरवावयास सांगितलें आणि जागोजाग बोटाची पेरें टेकवून पाहिलीं. नाळीजवळ एके ठिकाणीं ते थांबले, पुन्हां बोट टेकलें, आणि मुलाला हांक मारली. तेथें लांबी नीट वाळली नव्हती. नाखव्यानें न बोलतां तेवढा भाग खरवडून काढला. हार्डनरचा डबा सूनबाईंनीं माळ्यावर, पोरांचा हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं, कापडांत गुंडाळून ठेवला होता. त्यावर खडूनें 'आक्टोबर' असें लिहिलें होतें.